डॉगईटर्स मराठीत आणा, पण धुऊन-पुसून नको

प्रति,
मराठीत अनुवादित कादंबऱ्या काढणारे प्रकाशक आणि त्यांचे संपादक यांस,

स. न. वि. वि.

जेसिका हॅगेडॉर्न यांची ओळख ‘फिलिपिनो-अमेरिकन कादंबरीकार आणि मनोरंजनक्षेत्रातील लेखिका’ अशी करून दिली जाते. या ओळीतला ‘आणि’च घोळ घालतो. संपादक ‘कादंबरीकार’ धरून बसतो. सिनेमा, रेडिओ, रॉक बँड, नाटक हे सगळं बाईंच्या हौसेचं किंवा पोटापाण्याचं खातं समजून मलपृष्ठावरच्या दोन ओळींत उरकतो. मग अनुवाद हाती आला की गाण्यांचे तुकडे, रेडिओ मालिकेतले संवाद, नटनट्यांबद्दलच्या कुचाळक्या यांवर लाल पेन्सिल फिरते, कारण ‘कथानक अडतं’. हॅगेडॉर्न यांच्या ‘डॉगईटर्स’ या कादंबरीत कथानक पुढे सरकतं तेच या गोष्टींच्या जोरावर. त्या काढल्या की मागे फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोस याच्या राजवटीचं एक सुमार वृत्तांकन उरतं.

म्हणून हे पत्र. त्यांचं पुस्तक मराठीत काढायचं कोणाच्या मनात असेल तर कोणतं आधी घ्यावं, अनुवाद कुठे घसरतो, कशाची परवानगी लागते, हे आम्हाला जेवढं कळतं तेवढं मांडतो. काही ठिकाणी बोलणं कडक वाटेल. चालवून घ्या.

आधी कारकीर्द, कारण अनुवादाचे बरेच निर्णय तिच्यावरून ठरतात. हॅगेडॉर्न यांचा जन्म १९४९ चा, मनिलातला. घराण्यात फिलिपिनो, स्पॅनिश, चिनी, स्कॉट-आयरिश, फ्रेंच अशी सरमिसळ. १९६३ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्कोला आल्या. तिथे कवी केनेथ रेक्सरॉथ यांनी या मुलीला हाताशी धरलं. अभिनयाचं रीतसर शिक्षण अमेरिकन कॉन्झर्व्हेटरी थिएटरमध्ये झालं. १९७३ साली रेक्सरॉथ यांनी चार तरुण कवयित्रींचं संकलन काढलं. त्यातल्या हॅगेडॉर्न यांच्या भागाचं नाव होतं ‘द डेथ ऑफ अ‍ॅना मे वाँग’. अ‍ॅना मे वाँग ही हॉलिवुडची चिनी-अमेरिकन नटी. तिच्या वाट्याला एक तर कारस्थानी बाई, नाहीतर गोऱ्या नायकासाठी झुरून मरणारी पोरगी, असल्याच भूमिका यायच्या. म्हणजे पुस्तकात छापून आलेल्या पहिल्या पानांवरच सिनेमा आहे, आणि सिनेमा कोणाला काय नाकारतो हा प्रश्नही.

१९७५ मध्ये ‘डेंजरस म्युझिक’ हा संग्रह आला. त्याच सुमारास त्यांनी ‘वेस्ट कोस्ट गँगस्टर कॉयर’ नावाचा बँड उभा केला. १९७८ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर नावातला ‘वेस्ट कोस्ट’ गळला, बँड मात्र पुढे चालू राहिला. गाणी त्यांचीच, आणि म्हणणाऱ्याही त्याच. नाट्यनिर्माते जोसेफ पॅप यांनी १९७८ मध्येच त्यांचं ‘मँगो टँगो’ रंगमंचावर आणलं. त्याआधी एन्टोझाके शांगे आणि थुलानी डेव्हिस या कवयित्रींबरोबर कविता, गाणी नि नाच एकत्र करून केलेला प्रयोग होऊन गेला होता. १९८१ मध्ये ‘पेट फूड अँड ट्रॉपिकल अ‍ॅपरिशन्स’ आलं. पहिली कादंबरी आली ती थेट १९९० मध्ये, वयाची चाळिशी गाठल्यावर. तोवर पंधरा वर्षं त्या मायक्रोफोनसमोर उभ्या होत्या. त्यांच्या वाक्यातले थांबे नटाचे आणि गायकाचे आहेत. अनुवाद तपासताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी अर्धं काम होतं.

ती कादंबरी म्हणजे ‘डॉगईटर्स’. पँथिऑनने काढली. त्या वर्षीच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत ती होती आणि बिफोर कोलंबस फाउंडेशनचा अमेरिकन बुक अवॉर्ड तिला मिळाला.

सुरुवात होते १९५६ सालच्या मनिलातल्या अ‍ॅव्हेन्यू थिएटरात. थंडगार अंधार, पोमेडचा आणि घामाचा वास, पडद्यावर जेन वायमन आणि रॉक हडसन. रिओ गोन्झागा ही लहान मुलगी, तिची थोराड चुलत बहीण पुचा, आणि दोघींवर नजर ठेवायला आलेली लोरेन्झा. मुली अमेरिकन पडद्याकडे पाहून प्रेम, घर, गाडी, कपडे यांचे धडे घेताहेत. फिलिपिनो माणसं स्वतःच्या इतिहासाबद्दल एक कडू विनोद करतात: तीनशे वर्षं मठात आणि पन्नास वर्षं हॉलिवुडात. १५६५ पासून स्पेन. १८९८ च्या पॅरिस तहात स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन बेटं अमेरिकेच्या हवाली केली. स्वातंत्र्य मिळालं १९४६ मध्ये. पहिल्या पानावरचं सिनेमागृह म्हणजे हा सगळा इतिहास.

रिओच्या घरात मागच्या बाजूला तिच्या आजीची, लोला नार्सिसाची, खोली आहे. तिथे आजी, नात आणि नोकरमंडळी मिळून ‘लव्ह लेटर्स’ ही रेडिओ मालिका ऐकतात आणि डोळे पुसतात. घरातल्या पुढच्या खोल्यांतल्या लोकांना हे ‘बक्या’ वाटतं. बक्या म्हणजे लाकडी तळव्याची चप्पल, आपल्या खडावांच्या जातीची. ती पायात घालून सिनेमाला येणाऱ्या गरीब प्रेक्षकावरून तो शब्द त्याच्या आवडीनिवडीला चिकटला. याला मराठीत ‘हलक्या अभिरुचीचा’ म्हटलंत की खेळ संपला, कारण तो समीक्षकाचा शब्द झाला. आपल्याकडे ‘पिटातला’ हा शब्द नाटकवाल्यांनी तयार करून ठेवला आहे. तोही बसायच्या जागेवरून रुचीवर आलेला आणि बोलताना असाच नाक मुरडून येणारा. पहिल्यांदा ‘बक्या’ ठेवा, त्याच वाक्यात ओघात ‘पिटातलं’ येऊ द्या. तळटीप लागणार नाही.

आता ही मालिका कापायची का? पुष्कळ पुढे, दुसऱ्या भागात, सौंदर्यस्पर्धेत जिंकून नंतर बंडखोरांना मिळालेल्या डेझी आविलाला लष्कराचे लोक पकडतात. जनरल लेदेस्माच्या माणसांकडून तिचे हाल चालू असताना त्या खोलीत रेडिओवर ‘लव्ह लेटर्स’ लागलेलं आहे. आजी जिच्यावर रडत होती तीच मालिका. बाईंनी कुठेही हे समजावून सांगितलेलं नाही. पहिल्या भागातले रेडिओचे संवाद ‘लांबण’ म्हणून उडवले, तर या प्रकरणात रेडिओ म्हणजे नुसतं खोलीतलं सामान होईल. वाचकाला कापरं भरायला हवं तिथे तो पान उलटेल.

त्या संवादांची भाषाही वेगळी ठेवावी लागते. निवेदनाची मराठी आजची, तुटक आणि चटपटीत असावी. रेडिओतल्या पात्रांनी मात्र गळा दाटून बोलावं, ‘नाही, नाही, असं बोलू नकोस!’ या पट्टीत. जुन्या श्रुतिका ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही पट्टी सापडायला वेळ लागणार नाही. इथे चूक होते ती उलट दिशेने. चांगला अनुवादक लाजतो आणि रडक्या संवादांना सभ्य करून टाकतो. मग आजीच्या डोळ्यांत पाणी का आलं ते कळत नाही, आणि पुढच्या खोल्यांतली मंडळी नाक का मुरडतात तेही कळत नाही.

नावाबद्दल. ‘डॉगईटर्स’ ही अमेरिकनांनी फिलिपिनोंना दिलेली शिवी आहे. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या विश्वप्रदर्शनात फिलिपिन्सच्या डोंगराळ भागातल्या इगोरोत लोकांना खेड्याचा देखावा करून बसवलं होतं आणि त्यांचं कुत्रं मारून खाणं गर्दीला तमाशासारखं दाखवलं जाई. तिथून ही शिवी फोफावली. कादंबरीला हे नाव दिल्याबद्दल पुष्कळ फिलिपिनो वाचक बाईंवर रागावले. आता मराठीत ‘कुत्रे खाणारे’ म्हटलं तर ती शिवी उरत नाही, आहाराची माहिती होते. ‘श्वानभक्षक’ म्हटलं तर हसू येतं. जुन्या मराठीत ‘श्वपच’ आहे, अर्थ जवळजवळ तोच आणि तीही शिवीच. मोह होईल. पण त्या शब्दाच्या मागे जातीची उतरंड उभी आहे. एका देशाने दुसऱ्या देशाला हिणवण्यासाठी वापरलेल्या शब्दावर ती चढवली तर वाचक भलत्याच इतिहासात जाऊन पोचेल. आमचं मत: मुखपृष्ठावर देवनागरीत ‘डॉगईटर्स’ आणि खाली लहान टाइपात ‘मनिलाची कादंबरी’. १९०४ चा संदर्भ प्रस्तावनेत चार ओळींत द्या.

कादंबरीत मध्येच कागदपत्रं येतात. जाँ माला या फ्रेंच प्रवाशाच्या १८४६ च्या पुस्तकातले उतारे, फिलिपिन्स ताब्यात का घेतलं ते मेथडिस्ट धर्मगुरूंना सांगणारे अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली, वर्तमानपत्री बातम्या. संपादकाला वाटतं हे परिशिष्टात टाकावं. नका टाकू. सिनेनटीच्या भानगडीला लागून मॅकिन्लींची देवाशी झालेली सल्लामसलत यावी, हीच तर गंमत आहे. दोन्हींची विश्वासार्हता वाचकाने एकाच तागडीत घालायची आहे. शेवटाकडे पुचाचं प्रकरण येतं. त्यात ती रिओला सरळ सुनावते की तू तारखा चुकवल्यास, माणसं इकडची तिकडे केलीस, तुझी आठवण खोटी आहे. मराठी संपादकाला विसंगती दिसली की तो ती ‘दुरुस्त’ करतो. मागची प्रकरणं पुचाच्या सांगण्याशी जुळवून घेतली तर पुस्तकाचा कणाच मोडेल. अनुवादकाने सुरुवातीलाच दोन रकान्यांचा तक्ता करावा, एकीकडे रिओ काय म्हणते आणि दुसरीकडे पुचा काय म्हणते. तो मुद्रितशोधकाच्या टेबलावर चिकटवून ठेवावा आणि वर लिहावं, ‘या चुका चुका नाहीत’.

‘चिसमिस’ या शब्दाचंही तेच. स्पॅनिशमधून टागालोगमध्ये, म्हणजे मनिलाच्या बोलभाषेत, आलेला हा शब्द कादंबरीचा श्वास आहे. जिथे वर्तमानपत्रं सरकारच्या मुठीत असतात तिथे खरी बातमी ब्यूटी पार्लरात आणि स्वयंपाकघरात फिरते. ‘गॉसिप’ हा आता रविवारच्या पुरवणीचा शब्द झाला. ‘अफवा’ पोलिसी वाटतो. ‘कुचाळक्या’ बरा, त्यात तोंडाला आलेली चव आहे. बायका बोलत असतील तिथे ‘कुचाळक्या’, निवेदनात ‘चिसमिस’, असं केलं तर निभतं.

पार्श्वभूमीच्या तीन गोष्टी अनुवादकाला पाठ हव्यात. पहिल्या भागाचं नाव ‘कोकोनट पॅलेस’. माडाचं लाकूड आणि करवंट्या वापरून मार्कोसची पत्नी इमेल्डा मार्कोस यांनी मनिलात बांधवलेला हा खराखुरा राजवाडा. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा, देशात एवढं दारिद्र्य असताना अशा थाटात राहणं बरं नव्हे म्हणून त्यांनी तिथे उतरायचं नाकारलं. दुसरी गोष्ट मनिला फिल्म सेंटर. जानेवारी १९८२ च्या चित्रपट महोत्सवाला इमारत तयार हवी म्हणून रात्रंदिवस काम चाललं होतं. १७ नोव्हेंबर १९८१ च्या पहाटे परांची कोसळली आणि कामगार ओल्या सिमेंटात गाडले गेले. किती, यावर आजही वाद आहे. महोत्सव ठरल्या वेळी झाला. तिसरी, २१ ऑगस्ट १९८३ ला मनिलाच्या विमानतळावर झालेली मार्कोसविरोधी नेते बेनिग्नो अकिनो यांची हत्या. कादंबरीत सिनेटर आविलाची हत्या होते आणि तिचा साक्षीदार ठरतो जोई सँड्स, क्लबात तबकड्या लावणारा आणि शरीर विकून जगणारा पोरगा. सिनेमात जायची स्वप्नं पाहणारा वेटर रोमिओ रोझालेस या प्रकरणात हकनाक बळी जातो. कादंबरी अकिनोंची नव्हे. मलपृष्ठावर ‘सत्यघटनेवर आधारित’ छापू नका, आणि इमेल्डाबाईंचे बूट तर अजिबात नकोत.

आता व्याकरण. याकडे कोणी लक्ष देत नाही आणि मराठीत खरी कसोटी इथेच लागते. कादंबरीत अनेक ‘मी’ आहेत. इंग्रजीत नवं प्रकरण सुरू होतं, कोणी तरी ‘मी’ म्हणून बोलू लागतं, आणि ही रिओ की आणखी कोणी हे कळायला काही ओळी जाव्या लागतात. मराठीत ‘मी उठलो’ म्हटलं की पहिल्याच क्रियापदाला भांडं फुटतं. वर्तमानकाळातही सुटका नाही, ‘जातो’ आणि ‘जाते’ आहेच. पण आपल्याकडे कर्मणी प्रयोग आहे. ‘मी सिगारेट पेटवली’, ‘मी दार ढकललं’, ‘मला झोप आली नव्हती’: यांत बोलणारा बाई की पुरुष हे कळत नाही. प्रकरणाच्या पहिल्या चार-पाच वाक्यांत सकर्मक क्रियापदं आणि ‘मला’ची रचना वापरली तर मूळची ती क्षणभराची संदिग्धता टिकते. जोईची प्रकरणं वर्तमानकाळात आहेत, तिथे ही युक्ती फार ताणू नये, कृत्रिम होईल. दोन वाक्यं निभली तरी पुरे.

टागालोगमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ या दोन्हींना एकच सर्वनाम आहे, ‘सिया’. म्हणून फिलिपिनो माणसाच्या इंग्रजीत कधी कधी ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल होते. संवादात असं दिसलं तर ते पात्राचं बोलणं आहे, छपाईची चूक समजू नका. आदरासाठी टागालोगमध्ये वाक्यात ‘पो’ घालतात. त्याला ‘सर’ किंवा ‘जी’ लावू नका. मराठीत आदर क्रियापदाच्या अनेकवचनात आणि ‘अहो’, ‘काय हो’मध्ये आपसूक बसतो. नोकर मालकिणीशी बोलताना ‘तुम्ही’, आजी नातीशी ‘तू’, आणि पुचा रिओशी बोलताना खास बहिणी-बहिणींतलं ‘अगं’. लोला म्हणजे आजी, लोलो म्हणजे आजोबा. हे दोन शब्द तसेच ठेवा. मुलं सांभाळणाऱ्या बाईला तिथे ‘याया’ म्हणतात, आपल्या ‘आया’ची सख्खी शेजारीण वाटावी अशी.

नावांचे उच्चार स्पॅनिश वळणाने घ्या. ‘होसे’ लिहा, जोस नको. ‘कियापो’ लिहा, क्विआपो नको. धनाढ्य उद्योगपतीचं नाव सेव्हेरो आलाक्रान. स्पॅनिशमध्ये ‘आलाक्रान’ म्हणजे विंचू. मूळ वाचणाऱ्या फिलिपिनो माणसाला ते ऐकताच कळतं, मराठी वाचकालाही कुठे तरी कळू द्या. पुचाचं नावही एका चावट उद्गाराच्या जवळचं आहे. हे मात्र टिपेत सांगायची गरज नाही.

स्पॅनिश आणि टागालोग शब्द तिरप्या टाइपात टाकू नका. देवनागरीत तिरपा टाइप तसाही वाचवत नाही, आणि घरातल्या बोलण्यातला शब्द त्याने पाहुणा होतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची ४० नोंदींपेक्षा मोठी नको. प्रत्येक नोंद एका ओळीची.

‘आपल्या वाचकाला हे फार लांबचं वाटेल’ अशी शंका संपादक काढतातच. टागालोगमध्ये चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात, आशेला ‘आसा’, शिक्षकाला ‘गुरो’, आणि ‘दुखा’ म्हणजे गोरगरीब. चिकू तिथे ‘चिको’. १९८९ मध्ये लगुना प्रांतात नदीच्या गाळात एक ताम्रपट सापडला. त्यावरची तिथी आहे शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार, म्हणजे इसवी सन ९००. मजकूर काय, तर एका घराण्याचं सोन्याचं कर्ज फिटल्याची पावती. ज्यांच्या घरी भिंतीवर अजून शालिवाहन शके छापलेलं कॅलेंडर लटकतं, त्यांना ही तिथी समजावून सांगावी लागणार नाही.

पण सारखेपणाचा मोह खाण्याच्या पदार्थांत फसवतो. फिलिपिनो लेखनात ‘बिबिंका’ दिसला की मराठी अनुवादक लगेच टीप देतो: ‘गोव्यातील बेबिंक’. चूक. गोव्याचा बेबिंक अंड्यांचा बलक, नारळाचं दूध, मैदा आणि तूप घालून थरावर थर भाजत करतात. फिलिपिनो बिबिंका तांदळाच्या पिठाचा, केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला जाडसर केक. नाताळच्या आधी पहाटेच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर गरम गरम खातात. दुसरा फसवा शब्द ‘बागोओंग’. याला ‘माशांची चटणी’ म्हणू नका. बागोओंग आलामांग म्हणजे आपल्या जवळ्याच्या जातीची बारीक कोळंबी मिठात आंबवून केलेला लगदा. आपण जवळा वाळवतो, ते आंबवतात. ‘आंबवलेला जवळा’ म्हटलं की रत्नागिरीच्या वाचकाच्या नाकापर्यंत वास पोचतो.

कोणतं पुस्तक आधी? ‘डॉगईटर्स’च. त्यानंतर ‘द गँगस्टर ऑफ लव्ह’ (१९९६). मनिलाहून सॅन फ्रान्सिस्कोला आलेली रॉकी रिव्हेरा, तिचा भाऊ व्होल्टेअर, आई मिलाग्रोस आणि रॉकीचा बँड. नाव जॉनी ‘गिटार’ वॉटसनच्या गाण्यावरून घेतलेलं. यात यो-योची एक धून मधून मधून वाजते, तिला कथेबाहेरचं समजू नका. १९२८ मध्ये सांता बार्बरात यो-योचा कारखाना काढणारा पेद्रो फ्लोरेस फिलिपिनो स्थलांतरित होता. सुटून जाणं आणि दोरीने परत ओढलं जाणं. तिसरी ‘ड्रीम जंगल’ (२००३), आणि मराठीत ती सगळ्यात चटकन रुजेल असं आम्हाला वाटतं. एका धाग्यात १९७१ मध्ये मिंदानाओ बेटावरच्या जंगलात ‘सापडलेली’ अश्मयुगीन म्हणवली गेलेली तासादाय जमात, जिच्या खरेपणावर १९८६ नंतर मोठा वाद झाला. दुसऱ्या धाग्यात व्हिएतनाम युद्धावरचा सिनेमा काढायला आलेले हॉलिवुडवाले. ‘अपोकॅलिप्स नाऊ’चं चित्रण १९७६ पासून फिलिपिन्समध्ये झालं, वादळाने सेट उडाले, भाड्याने घेतलेली लष्करी हेलिकॉप्टरं मध्येच खऱ्या बंडखोरांवर धाडली जात. ही पार्श्वभूमी घेऊन बाईंनी ‘नापाम सनसेट’ नावाचा सिनेमा रचला आहे. ‘टॉक्सिकॉलॉजी’ (२०११) न्यूयॉर्कची, तिची घाई नको.

त्यांनी संपादित केलेली दोन पुस्तकं वेगळी ठेवावीत. ‘चार्ली चॅन इज डेड’ (१९९३) मध्ये ४८ आशियाई-अमेरिकन लेखक आहेत. प्रत्येकाची परवानगी वेगळी, तेव्हा त्या फंदात पडू नका. ‘मनिला नुआर’ (२०१३) चं गणितही तसंच, प्रत्येक कथेचा लेखक निराळा.

‘डॉगईटर्स’ची रंगावृत्ती बाईंनी स्वतः केली. १९९८ मध्ये ला होया प्लेहाऊसला, २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरला, २००७ मध्ये मनिलात प्रयोग झाले. त्यात रेडिओचे तारे नेस्टर नोरालेझ आणि बार्बरा व्हिलानुएव्हा सूत्रधार होऊन सगळा खेळ चालवतात. प्रायोगिक रंगभूमीवरच्या मंडळींना हे वाचायला द्या. आपल्याकडच्या सूत्रधार-नटीच्या जोडीला ते किती जवळचं आहे हे त्यांना सांगावं लागणार नाही. मात्र कादंबरीच्या परवानगीत नाटकाची परवानगी येत नाही.

परवानगीचं थोडक्यात. मूळ प्रकाशकाच्या हक्क विभागाला लिहा. हक्क एजंटाकडे असतील तर तेच तिकडे पाठवतात. पत्रात भाषा, क्षेत्र (‘मराठी, जगभर’ असं स्पष्ट, कारण मराठी वाचक दुबईत नि न्यू जर्सीतही आहे), मुदत, पहिल्या आवृत्तीच्या प्रती, अंदाजे किंमत, रॉयल्टीची टक्केवारी आणि आगाऊ रक्कम एवढं हवंच. ई-बुक आणि ऑडिओ आत्ताच मागा. या कादंबरीचं ऑडिओ छापील पुस्तकापेक्षा जास्त ऐकलं जाईल. दिवाळी अंकात एखादं प्रकरण आधी द्यायचं असेल तर तेही पत्रात मागा, नंतर मागितलं तर अंक छापून झाल्यावर उत्तर येतं. आत उद्धृत केलेल्या मजकुराचं वेगळं पाहावं लागतं. माला यांचं फ्रेंच पुस्तक जुनं आहे, पण उतारे ज्या इंग्रजी अनुवादातून आले तो कोणाचा, हे हक्कांच्या पानावर तपासा. बातम्या आणि गाण्यांच्या ओळींचंही तेच. मूळ पुस्तक साधारण अडीचशे पानांचं. डेमी आकारात मराठी १८ ते २० फर्म्यांपर्यंत जाईल असं धरा, आणि किंमत त्यावरून लावा. पानं वाचवण्यासाठी कागदपत्रांची प्रकरणं बारीक टाइपात दाबू नका.

अनुवादक निवडताना नमुना म्हणून पहिलंच प्रकरण देण्याची सवय आहे. या पुस्तकाला ती पुरत नाही. तीन तुकडे द्या: अ‍ॅव्हेन्यू थिएटरची पहिली चार पानं, जोईच्या पहिल्या प्रकरणातली दोन, आणि पुचाचं प्रकरण. तिन्ही मोठ्याने वाचून घ्या, शक्यतो नाटकात काम केलेल्या कोणाकडून. तिघांचा आवाज एकच आला, तर भाषा कितीही शुद्ध असो, तो अनुवादक या पुस्तकाचा नव्हे. पुचा बोलताना वाचणाऱ्याला हसू फुटलं पाहिजे, आणि जोईच्या पानांवर संपादकाला ‘हे छापायचं का?’ असा प्रश्न पडला पाहिजे. दोन्ही झालं तर करारावर सही करा.

दुसऱ्या खर्ड्यानंतर टागालोग जाणणाऱ्या एकाने तरी मजकूर वाचायला हवा. मुंबई-पुण्यात असा माणूस शोधणं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. बोटीवर नोकरी केलेल्या आपल्या खलाशांचे पुष्कळ सोबती फिलिपिनो असतात. नमुन्याची पानं आणि रिओ-पुचाचा तो तक्ता आम्हीही तपासून देऊ. मानधन नको, दोन प्रती पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
फिलिपिनो-अमेरिकन साहित्याचे काही मराठी वाचक आणि अनुवादक